‘आम्ही स्पेशल केसेस घेत नाही’

टीवाय बीएच्या सायकॉलॉजीच्या वर्गात जा आणि ‘क्लिनिकलला कोणाकोणाला जायचंय?’ असं विचारा. निम्म्याहून जास्त हात वर येतील. का जायचंय विचारलं तर उत्तरंही ठरलेली असतात. डिप्रेशन, अँग्झायटी, ट्रॉमा, रिलेशनशिप्स, आणि क्राइम सीरिज बघून आलेला एखादा फॉरेन्सिकवाला. आता दुसरा प्रश्न टाका. डाउन सिंड्रोम असलेला तिशीचा माणूस तुमच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, ‘मला रडू येतंय,’ तर तुम्ही काय कराल?

गेले दोन महिने, या पानासाठी इंटर्नशिप करताना, मी हा प्रश्न भेटेल त्या सायकॉलॉजीवाल्याला विचारत सुटले होते. बीएचे, एमएचे, क्लिनिकलचं प्रशिक्षण घेणारे, सगळे. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, ‘आधी त्याचा आयक्यू काढू.’

म्हणजे माणूस सांगतोय रडू येतंय, आणि आपण त्याला ठोकळे जुळवायला देणार.

मी मास कॉमची. सायकॉलॉजीचा एक पेपर एफवायला होता, तेवढाच. त्यामुळे कोणाला शिकवायला जायचा माझा अधिकार नाही. पण हा विषय माझ्या डोक्यात का बसला ते सांगते. आमच्या एका सीनियर ताईचा भाऊ आहे, सव्वीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. तो एका कार्यशाळेत जायचा, पाकिटं आणि कागदी पिशव्या करायला. बस बदलून एकटा जायचा, डबा स्वतः भरायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे बाबा अचानक गेले. घरात पाहुण्यांची गर्दी, सगळे गडबडीत, आणि याला सांगितलं गेलं, ‘बाबा गावाला गेलेत.’ आपल्याकडे लहान मुलांना सांगतात ना, तसंच. त्याला स्मशानात नेलं नाही, दहाव्याला मावशीकडे ठेवलं. त्याला त्रास नको म्हणून.

दोन महिन्यांत त्याने कार्यशाळेत जाणं बंद केलं. जेवण निम्म्यावर आलं. संध्याकाळी सात वाजता, बाबा यायच्या वेळेला, तो दारात जाऊन बसायचा आणि उठवायला गेलं की हात उगारायचा. डॉक्टरांनी सांगितलं, ‘या मुलांचं वय वाढलं की असं होतंच,’ आणि झोपेची गोळी दिली. ताईने काउन्सेलर शोधायला सुरुवात केली. दोन ठिकाणी फोनवरच उत्तर मिळालं, ‘आम्ही स्पेशल केसेस घेत नाही.’ तिसऱ्या ठिकाणी होकार आला, पण आईसाठी. पालकांचं समुपदेशन करू म्हणाले. मुलाला आणायची गरज नाही.

चौथ्या ठिकाणी एक प्रशिक्षणार्थी मुलगी आणि तिच्या सुपरवायझर मॅडम भेटल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर थायरॉइड आणि कान तपासून आणायला सांगितलं. कारण डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास आणि ऐकू कमी येणं हे खूप जणांना असतं, आणि दोन्हींनी माणूस गप्प आणि सुस्त होऊ शकतो. रिपोर्ट ठीक आले. मग त्यांनी त्याला घरचा अल्बम घेऊन यायला सांगितलं. त्याच्याशी बोलल्या, त्याच्या ताईशी नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत, आईला समोर बसवून, त्याला सरळ शब्दांत सांगितलं की बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यावर रागावून गेलेले नाहीत.

तो खूप रडला. मग बऱ्याच दिवसांनी बाबांच्या वस्तूंचा एक डबा केला, त्यात घड्याळ, चष्मा, स्कूटरची किल्ली. काही महिन्यांनी तो परत कार्यशाळेत जायला लागला. सगळं छान झालं असं नाही. सातला तो अजूनही दारात जातो. पण आता परत आत येतो.

ताईने हे सगळं मला कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा मला आधीच्या तीन ठिकाणांचा राग आला होता. नंतर विचार करताना राग थोडा सरकला. फोनवर नाही म्हणणारी ती व्यक्ती कदाचित प्रामाणिक होती. तिला खरंच येत नसणार. तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

या गोष्टीला शास्त्रात नाव आहे आणि ते माझ्या वयाच्या दुप्पट जुनं म्हणावं इतकं जुनं आहे. १९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका भीतीने ग्रासलेल्या माणसाचं वर्णन वाचायला दिलं. वर्णन तेच, पण काहींना दिलेल्या कागदावर त्या माणसाला बौद्धिक दिव्यांगत्व असल्याचंही लिहिलं होतं. त्या गटाला ती भीती उपचार करण्याजोगी वाटण्याचं प्रमाण कमी निघालं. याला म्हणतात डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग. मराठीत आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, झाकोळणं. एक निदान इतकं मोठं होऊन बसतं की त्याच्या सावलीत बाकी काहीच दिसत नाही. दात दुखतोय म्हणून डोकं आपटणारं मूल ‘ऑटिझममुळे’ आपटतं. बाप गेला म्हणून न जेवणारा माणूस ‘डाउन सिंड्रोममुळे’ जेवत नाही.

आता आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसा बनतो ते बघा, कारण इथे एक गंमत आहे. तुम्ही एमए केलंत म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आपण सगळे ज्याला आरसीआय म्हणतो तिची, मान्यता असलेला कोर्स आणि तिच्या रजिस्टरमध्ये नोंद लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आली आणि तिचं कामच मुळात दिव्यांग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांचं प्रशिक्षण आणि नोंदणी हे आहे. स्पेशल एज्युकेटर, ऑडिऑलॉजिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एकाच रजिस्टरमध्ये. म्हणजे ज्या परवान्यासाठी पोरं रात्रंदिवस एन्ट्रन्सचा अभ्यास करतात, तो परवाना दिव्यांग पुनर्वसनाच्या कायद्याखाली मिळतो. आणि तो खिशात घालून आपण म्हणणार, स्पेशल केसेस घेत नाही.

सिलॅबसमध्ये विषय नाही असं अजिबात नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, सगळं आहे. प्रश्न आहे तो विषय हाताखालून कसा जातो याचा. सरकारी रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्यांशी बोलताना एकच चित्र पुन्हा पुन्हा येत होतं. दिव्यांगत्वाची ओपीडी म्हणजे प्रमाणपत्राची रांग. बाहेर बाकावर लोक सकाळपासून बसलेले, कोणी तालुक्याहून पहिल्या एसटीने आलेलं, आत एक टेबल, एक टेस्टची पेटी. बुद्ध्यांक काढायचा, सामाजिक परिपक्वतेचा आकडा काढायचा, रिपोर्ट लिहायचा, पुढचा.

ही रांग फालतू आहे असं मला म्हणायचं नाही. चाळीस टक्के दिव्यांगत्व कागदावर आल्याशिवाय बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही. एसटीचा पास असो, परीक्षेतली सवलत असो, पेन्शन असो. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यालाही प्रमाणपत्र लागतं. त्या कागदासाठी घरातल्या बायकांनी किती खेपा घातलेल्या असतात ते मी पाहिलंय. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने बघा. दोन वर्षांत त्याने अशा व्यक्ती पाहिल्या असतील पन्नास, पण प्रत्येकीला तासभर, तेही परीक्षा घेणारा म्हणून. त्यांच्यापैकी एकीशीही त्याने सलग दहा भेटी बोलणं केलेलं नसतं. थेरपीच्या केसेस वेगळ्या, त्या ‘नॉर्मल आयक्यू’वाल्या.

आणि ती पेटी तरी कोणती? अनेक ठिकाणी आजही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामतांनी स्वातंत्र्यापूर्वी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. मालिन यांनी नागपुरात वेक्सलरची मुलांची चाचणी आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची श्रेणी भारतीय रूपात आणली. ही त्या काळात फार मोठी कामं होती, आणि त्यांचा आपल्याला अभिमानच वाटायला हवा. पण व्हाइनलँडच्या या भारतीय आवृत्तीतले ८९ प्रश्न पंधरा वर्षांच्या वयापर्यंतच जातात. बटणं लावतो का, स्वतः जेवतो का, एकटा बाहेर जातो का, असे. पस्तीस वर्षांच्या बाईचं मोजमाप करताना पट्टीच पंधराला संपते. मग रिपोर्टमध्ये येतं ‘सामाजिक वय : सात वर्षं’. आणि त्या दिवसापासून घरातले, शाळेतले, दवाखान्यातले सगळे तिच्याशी सात वर्षांच्या मुलीशी बोलावं तसं बोलायला मोकळे.

‘मानसिक वय’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. पस्तीस वर्षांच्या बाईने पस्तीस दिवाळ्या पाहिलेल्या असतात. तिची पाळी, तिचं प्रेम, तिला आलेला कंटाळा, भावजयीशी तिचं पटत नाही हे, यातलं सात वर्षांचं काय आहे? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच शब्द फार अवघड रूपात आला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षांच्या एका महिलेवर अत्याचार झाला होता. तिचं मानसिक वय सहा ते आठ वर्षांचं धरून तिला पॉक्सो कायद्याखाली ‘बालक’ मानावं, अशी तिच्या आईची मागणी होती. त्या आईची तळमळ कोणालाही समजेल. न्यायालयाने मात्र कायद्यातलं वय म्हणजे जन्मापासूनचं वय असंच ठरवलं. मला स्वतःला तो निकाल बरोबर वाटतो, पण त्यातून उरलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मोठ्या बाईला मोठी बाई मानूनच तिची साक्ष कशी घ्यायची, तिला कोणत्या शब्दांत विचारायचं, ती हो म्हणते ते खरंच हो आहे की समोरच्याला खूश करायला, हे ओळखणारी माणसं कोण तयार करणार? हे काम तर क्लिनिकल सायकॉलॉजीचंच आहे.

कायद्यांनीही या लोकांना मध्येच लटकवून ठेवलंय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीसवर नेले, ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी त्यात आली, ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ हा शब्द आला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल २०१७ मध्ये, मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत लिहिलंय की ‘मेंटल रिटार्डेशन’ यात येत नाही. एक कायदा शब्द बदलतो, दुसरा जुनाच शब्द घेऊन येतो. बौद्धिक दिव्यांगत्व हा आजार नाही, हे शंभर टक्के खरं आहे, आणि ते वेगळं काढणं योग्यच. पण व्यवहारात याचा अर्थ लावला जातो तो असा की ही माणसं मानसिक आरोग्याच्या खात्यात येतच नाहीत. मनोरुग्णालय म्हणतं दिव्यांग विभागाकडे जा, दिव्यांग विभाग म्हणतो वागणुकीचा प्रॉब्लेम आहे, मानसोपचाराकडे जा. २०११च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या रकान्यात पंधरा लाखांवर लोक मोजले गेले. त्यांना डिप्रेशन येऊ शकतं, ही शक्यता कोणत्या खात्यात नोंदवायची?

मोठी झालेली माणसं हा तर वेगळाच विषय आहे. आपल्याकडे दिव्यांगत्व म्हटलं की डोळ्यांसमोर मूलच येतं. ‘विशेष मूल’, ‘विशेष शाळा’, ‘बालविकास केंद्र’. शब्द बघा ना. अठरानंतर शाळा संपते आणि त्यापुढे ती व्यक्ती जवळजवळ गायब होते. पुण्यातली कामायनी, मुंबईतली १९४४ पासून चालू असलेली जय वकील यांसारख्या मोजक्या संस्थांनी शाळेच्या पुढे कार्यशाळा उभ्या केल्या. दिवाळीत तुमच्या कॉलेजात पणत्यांचा स्टॉल लागतो तो बऱ्याचदा अशाच ठिकाणाहून आलेला असतो. आपण पणत्या घेतो, ‘किती सुंदर रंगवल्यात’ म्हणतो आणि ज्याने रंगवल्या तो स्टॉलमागे उभा असताना त्याच्या टीचरशी बोलतो. हे लिहितानाही अंगावर येतं, पण आपण सगळे असंच करतो.

याबाबतीत मराठी सिनेमा आपल्या विभागांच्या पुढे गेला असं मला वाटतं. ‘चौकट राजा’मधला नंदू १९९१चा. २०१४च्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःच काम केलं. आणि २०१७च्या ‘कच्चा लिंबू’ने तर वयात आलेला मुलगा, त्याची लैंगिकता आणि त्यात पिचलेले आईबाप, हा विषय समोर ठेवला. जयवंत दळवींनी तो कादंबरीत कितीतरी आधी लिहून ठेवला होता. थिएटरात बसून आपण तो पाहू शकतो, पण क्लासरूममध्ये वयात येणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलाशी हस्तमैथुनाबद्दल, खासगी जागेबद्दल, होकार-नकाराबद्दल कसं बोलायचं याचा एकही रोल-प्ले होत नाही. मी विचारलं तेव्हा दोघं-तिघं हसले, मग म्हणाले, नाही, खरंच नाही झाला.

न शिकवल्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राला माहीत आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीत पॅड कसं बदलायचं हे चित्रं दाखवून, टप्पे पाडून, पुन्हा पुन्हा करून शिकवता येतं. ते शिकवणं हे कोणाचं तरी काम होतं आणि ते कोणाचंच नव्हतं. पुढे २००९ मध्ये, चंदीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या तरुणीच्या प्रकरणात, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. संमती घ्यायची तर तिला समजेल असं सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, हे परत प्रशिक्षणावर येतं.

‘पण या लोकांना थेरपीचा उपयोग होतो का?’ हा प्रश्न मला उलट विचारला गेला, आणि विचारणारे वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यातली थेरपी म्हणजे सोफा, पन्नास मिनिटं, आणि स्वतःच्या विचारांचं विश्लेषण. ती तशीच्या तशी अनेकांना जमणार नाही, मान्य. पण जे लोक हे काम करतात त्यांनी समजावलं ते ऐकून मला वाटलं की अरे, हे तर शिकण्यासारखं कौशल्य आहे. भेट पन्नासऐवजी वीस मिनिटांची, पण आठवड्यातून दोनदा. वाक्यं छोटी. ‘तुला कसं वाटतं?’ऐवजी चार चेहऱ्यांची चित्रं. एका वेळी एकच प्रश्न आणि मग गप्प बसायचं, दहा सेकंद, पंधरा सेकंद, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही. हो-नाहीचे प्रश्न टाळायचे, कारण आयुष्यभर ‘शहाणा मुलगा’ म्हणवून घ्यायला हो म्हणायचीच सवय लागलेली असते. जी व्यक्ती बोलतच नाही तिच्यासाठी चित्रांचा बोर्ड किंवा ॲप. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मराठीतही चालतं, फुकट आहे. प्रशिक्षणात किती जणांनी ते उघडून पाहिलंय हे मी विचारलं नाही, कारण अंदाज आला होता.

आणि मारामारी, आरडाओरडा, स्वतःला चावणं? त्याला पहिला प्रश्न ‘हे कसं थांबवू’ हा नसतो. हे केल्यावर त्याला काय मिळतं किंवा कशातून सुटका होते, हा असतो. त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, हे आठवडाभर वहीत लिहायचं. बऱ्याचदा उत्तर पोटदुखीत, मिक्सरच्या आवाजात किंवा कंटाळ्यात निघतं. जिथे हे शोधायला कोणी नसतं तिथे गोळी सुरू होते, कारण ती सोपी असते. इंग्लंडमध्ये २०१६ साली ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा अठरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा रुग्णालयात गेला. अँटीसायकोटिक औषध देऊ नका, असं त्याने आणि त्याच्या घरच्यांनी सांगितलं होतं. तरी ते दिलं गेलं आणि तो वारला. त्याच्या आईने लढा दिला. आज तिथल्या २०२२च्या कायद्यानुसार आरोग्य आणि देखभाल सेवेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्वाबद्दल प्रशिक्षण मिळायलाच हवं. त्यासाठी सरकारने जो कोर्स पुढे ठेवला त्याला ऑलिव्हरचंच नाव आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः ऑटिस्टिक आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली माणसं असतात. पगार घेऊन.

आपल्याकडे हे आणा म्हटलं की लगेच उत्तर येतं, आधी सायकॉलॉजिस्ट तर पुरेसे होऊ देत. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. जागा मोजक्या, एन्ट्रन्स जीवघेणी, बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड नाही किंवा नावाला, आणि सुपरवायझरवर कामाचा डोंगर. अशा पोरांवर अजून एक पोस्टिंग टाकायचं? माझ्या मते हो, कारण मी अजून एक पेपर वाढवा असं म्हणतच नाहीये. सर्टिफिकेटच्या रांगेत जाणाऱ्या तासांतले काही तास काढा आणि ते एका कार्यशाळेत घालवू द्या, मोठ्या माणसांसोबत, हातात टेस्टची पेटी न घेता. थेरपीच्या ज्या केसेस लिहून द्याव्या लागतात त्यातली निदान एक बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीची असू दे, तिच्या आईची नाही. व्हायवाला त्यावर प्रश्न येऊ दे. व्हायवाला येतं तेच आपण वाचतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

वेळही आत्ताचीच आहे. यूजीसीने २०२२च्या नियमांत एमफिल ही पदवीच काढून टाकली. क्लिनिकल सायकॉलॉजीला त्यातून २०२५-२६ या वर्षापर्यंत मुदतवाढ मिळाली होती. जुन्या एमफिलच्या जागी नव्या रचनेचे कोर्स येतायत, विद्यापीठं विभाग उघडतायत, सिलॅबस लिहिले जातायत. पदवीचं नाव काय, वर्षं किती, फी किती, यावर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रोज चर्चा चालते. पोस्टिंग कुठे, यावर मी एकही मेसेज पाहिला नाही.

तुमच्यापैकी जे येत्या सीझनला फॉर्म भरणार आहेत ते विभागात चौकशीला जातीलच. फी आणि हॉस्टेल विचारून झालं की अजून दोन गोष्टी विचारून या. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसोबत पोस्टिंग आहे का, किती आठवड्यांचं. आणि तिथे टेस्टिंग सोडून विद्यार्थी काय करतात. काय उत्तर मिळालं ते आम्हाला मेल करा, याच पानावर छापू.